सांगली-मिरजेच्या आसपास पहिले घर घेताना: दर कमी का आहे, ते आधी शोधा

मिरजेतील एका खासगी रुग्णालयात परिचारिका असलेल्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या व त्यांचे पती विश्रामबागेत महिना ९,००० रुपये भाड्याने राहतात. पती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ५२,००० रुपये आणि बचत ७ लाख रुपये आहे. घरात दोन वर्षांचे मूल आणि सासूबाई आहेत. विश्रामबागेतले फ्लॅट ३६ लाखांच्या पुढे असल्यामुळे त्यांनी बाहेरचे पाच पर्याय पाहिले आहेत: कर्नाळ रस्त्याकडे तळमजल्यावरचा २२ लाखांचा फ्लॅट, तासगावच्या कडेला २३ लाखांचे रो-हाउस, जयसिंगपुरात २७ लाखांचा फ्लॅट, कुपवाड-मिरज रस्त्याच्या बाजूला बांधकाम चालू असलेला २९ लाखांचा फ्लॅट, आणि सांगलीच्या दक्षिणेकडील एका गुंठेवारी वसाहतीत ९ लाखांचा दोन गुंठ्यांचा प्लॉट. शेवटच्या पर्यायासाठी त्यांच्या मामांचा आग्रह आहे. यातले काय घ्यावे, असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या पाचही पर्यायांचा दर विश्रामबागेपेक्षा कमी आहे, आणि प्रत्येकाच्या कमी दराला वेगळे कारण आहे. मी या भागात स्थापत्य अभियंता म्हणून आणि बँकांचा मूल्यांकनकार म्हणून पंचवीस वर्षे काम करतो आहे. पहिले घर घेणाऱ्याला मी नेहमी एकच काम सांगतो: दर कमी का आहे, ते विसार देण्यापूर्वी शोधून काढा. काही कारणे काळ जाईल तशी मिटतात. आज रस्ता खडीचा आहे, जवळ औषधाचे दुकान नाही, शाळेची गाडी तिथपर्यंत येत नाही, अशा गोष्टी वस्ती वाढली की पाच-सात वर्षांत सुधारतात, आणि त्या काळात थोडा त्रास सोसण्याची तयारी असेल तर स्वस्तात घेतलेले घर खरोखर फायद्याचे ठरते. काही कारणे मात्र मिटत नाहीत. जमिनीची नदीपासूनची उंची बदलत नाही, कामाचे ठिकाण जवळ येत नाही, आणि कागदातला दोष जितका जुना होतो तितका सोडवायला अवघड होत जातो.

कर्नाळ रस्त्याकडच्या फ्लॅटचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे, म्हणून आधी तेच देतो. पावसाळ्यात सांगलीत ‘आयर्विनला पातळी किती?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. १९२९ साली खुल्या झालेल्या या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि २००५ व २०२१ मध्येही धोका पातळी मोठ्या फरकाने ओलांडली गेली. सांगलीत ऊन पडलेले असतानाही पूर येऊ शकतो, कारण पाऊस वर कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरात पडत असतो. शिवाय हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि दोन्ही नद्यांना एकाच वेळी पाणी असले की इथला फुगवटा लवकर उतरत नाही. कर्नाळ रस्ता, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर हा पट्टा पाणी सर्वांत आधी शिरणाऱ्या भागांत मोडतो. तिथला तळमजल्यावरचा फ्लॅट २२ लाखांना मिळतो, कारण तिथल्या प्रत्येकाला हे माहीत आहे आणि विकत घेणाऱ्या नवख्या माणसाला माहीत नाही.

पुराची माहिती काढायची रीत सोपी आहे. मालकाला किंवा एजंटाला ‘इथे पूर येतो का?’ असे विचारू नका. त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला, दूध घालणाऱ्याला, गिरणीवाल्याला ‘इथे किती फुटाला पाणी येते?’ असे विचारा. सांगलीचा जुना माणूस आयर्विनच्या फुटांतच उत्तर देतो. ‘आमच्या दारात बेचाळीसला येते’ किंवा ‘एकोणीस साली पायरीला लागून गेले’ असे कोणी म्हणाले, तर त्या एका वाक्यात तुम्हाला पुढच्या वीस वर्षांची कल्पना येते. मग इमारतीकडे नीट पाहा. वीज मीटर डोक्याच्या वर बसवलेले आहेत का, खालच्या तीन-चार फुटांचा गिलावा वरच्यापेक्षा नवा आहे का, भिंतीला लोणा धरला आहे का, दारांच्या चौकटी खालून फुगल्या आहेत का, ही सगळी चिन्हे रंगाच्या एका हाताने झाकता येत नाहीत. सरकारी नकाशात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी नसते आणि निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावे लागते. महापालिकेच्या नगररचना विभागात गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक देऊन हे पाहता येते.

याच संदर्भात एक गोष्ट सहसा विसरली जाते. घरात पाणी येणे आणि घराला पाण्याचा वेढा पडणे या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. तुमचा जयसिंगपूरचा पर्याय मी याच कसोटीवर तपासला. जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेले, आखीव रस्त्यांचे, राहायला अतिशय चांगले गाव आहे, आणि तिथला २७ लाखांचा भाव मला वाजवी वाटतो. परंतु जयसिंगपूर आणि मिरज यांच्या मधून कृष्णा वाहते, आणि मोठ्या पुरात अंकली-उदगावकडचा रस्ता बंद होतो. पूर आला की सर्वसाधारण नोकरदाराला घरी बसता येते. परिचारिकेला नेमके त्याच दिवसांत रुग्णालयात हजर राहावे लागते, आणि त्या वेळी तुमचे मूल व सासूबाई नदीच्या पलीकडे असतील. ज्यांची नोकरी शिरोळ तालुक्यात किंवा इचलकरंजीकडे आहे, त्यांना मी जयसिंगपूर डोळे झाकून सुचवतो. तुम्हाला सुचवत नाही.

आता तासगाव. इथे पूर नाही, हवा चांगली आहे, बाजारपेठ मोठी आहे, आणि रो-हाउस म्हणजे स्वतःचे अंगण मिळते. इथल्या कमी दराचे कारण फक्त अंतर आहे, म्हणून ते अंतर रुपयांत मोजू. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता दर लाखाला सुमारे ८६८ रुपये पडतो. कुपवाडच्या फ्लॅटपेक्षा तासगावचे घर ६ लाखांनी स्वस्त, म्हणजे हप्त्यात महिना सुमारे ५,२०० रुपये वाचतात. तासगावहून कुपवाड किंवा मिरज एका बाजूला साधारण २५ किलोमीटर धरले, तर दोघांच्या दोन गाड्या मिळून रोज १०० किलोमीटर आणि २६ दिवसांत २,६०० किलोमीटर चालतील. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याला सुमारे ६,०७० रुपये होतात. कुपवाडजवळ राहून हेच अंतर दोघांचे मिळून रोज २० किलोमीटरच्या आसपास राहील आणि खर्च सुमारे १,२०० रुपयांवर येईल. म्हणजे वाचवलेल्या ५,२०० रुपयांपैकी ४,८५० पेट्रोलमध्येच गेले, आणि ऑइल, टायर व वाढलेली दुरुस्ती धरली तर काहीच उरले नाही. त्यातही हप्त्यातला काही भाग मुद्दलात जातो आणि घर तुमचे होत जाते. जळलेल्या पेट्रोलमधून काही हाती लागत नाही.

पैशांपेक्षा वेळेचा हिशेब मला अधिक गंभीर वाटतो. जाऊन-येऊन रोजचा दीड तास धरला, तर २६ दिवसांत प्रत्येकाचे ३९ तास रस्त्यावर जातात. तुम्ही दोघेही पाळीने काम करता. रात्रपाळी संपवून सकाळी झोपेच्या अमलाखाली पंचवीस किलोमीटर दुचाकी चालवणे मला सुरक्षित वाटत नाही, आणि रात्री साडेदहाला पाळी सुटल्यावर एसटी किंवा वडाप मिळेल याची खात्री नसते. म्हणून कोणतेही घर पाहायला रविवारी दुपारी जाऊ नका. तुमच्या पाळीच्या वेळेला घरापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत प्रत्यक्ष जाऊन या, एकदा सकाळी आणि एकदा रात्री, आणि शक्य असेल तर भर पावसात. वाटेत रेल्वेचे फाटक किंवा पूल किती आहेत तेही पाहा. २०२३ मध्ये चिंतामणीनगरचा रेल्वेवरचा जुना पूल नव्या बांधकामासाठी पाडला, तेव्हा माधवनगर-बुधगावच्या लोकांना रोज वळसा घालून सांगलीत यावे लागत होते. एकाच पुलावर अवलंबून असलेले ठिकाण आणि दोन-तीन वाटांनी पोहोचता येणारे ठिकाण यांच्या दरात फरक दिसत नाही, पण राहायला लागल्यावर तो कळतो.

मामांच्या प्लॉटबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण ‘आधी जागा घेऊन टाका, घर नंतर बांधता येईल’ हा सल्ला आपल्याकडे प्रेमाने दिला जातो आणि त्यात बरीच कुटुंबे अडकतात. सांगलीत गुंठेवारीचा इतिहास मोठा आहे. शेतजमिनीचे मंजूर रेखांकन न करता एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, लोकांनी घामाच्या पैशातून घरे बांधली, आणि नंतर ती नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ देण्यात आला. त्यामुळे गुंठेवारी म्हटले की सगळेच टाकाऊ, असे मी म्हणणार नाही. ज्या प्लॉटचा नियमितीकरणाचा दाखला महापालिकेने दिला आहे, विकास शुल्क भरल्याची पावती आहे आणि ज्याचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले आहे, तो घेता येतो. तुम्ही लिहिले आहे की या प्लॉटचा मालक ‘नोटरी करून देतो’ म्हणतो. तिथेच हा विषय संपतो. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. नोटरीचा शिक्का मारलेल्या कागदाने तुम्ही मालक होत नाही, तुमचे नाव उताऱ्याला लागत नाही, आणि त्यावर बँक कर्जही देत नाही.

शिवाय त्या बाजूच्या बऱ्याच वसाहतींत काळी माती खोल आहे आणि पावसाचे पाणी निघून जायला उतार नाही. नदीचा पूर न येताही शामरावनगरसारख्या भागात पावसाळ्यात पाणी साचून राहते, ते याच कारणाने. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे उथळ पायाच्या घराला तिरक्या भेगा पडतात. अशा जागी पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो किंवा पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतात आणि जोते उंच घेऊन भराव करावा लागतो. प्लॉटच्या किमतीत जे वाचले ते जमिनीखाली जाते. सर्वसाधारणपणे नदीकडून कुपवाड-मिरजेच्या माळाकडे गेलात की मुरूम वर येतो आणि पायाचा खर्च कमी होतो. तरीही प्रत्येक जागी खड्डा घेऊन खात्री करावी लागते.

रस्त्याचेही पाहावे लागते. मी स्वतः २००१ साली मिरजेजवळ एक प्लॉट घेतला होता. विकणाऱ्याने दाखवलेल्या नकाशात ३० फुटी रस्ता होता. प्रत्यक्षात तो शेजारच्या शेतकऱ्याच्या गटातून जात होता आणि त्याची कुठेही नोंद नव्हती. दोन वर्षांनी त्या शेतकऱ्याने आपल्या हक्काने तिथे नांगर घातला. मी अभियंता असूनही मोजणीचा नकाशा मागितला नव्हता. तहसील कार्यालयात वहिवाटीच्या रस्त्यासाठी सात वर्षे खेटे घातल्यावर तडजोड झाली, आणि त्या सात वर्षांत मला तिथे एक वीटही ठेवता आली नाही. तेव्हापासून मी कोणालाही भूमी अभिलेख विभागाच्या मोजणी नकाशाशिवाय प्लॉट घेऊ देत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या बाबतीत महत्त्वाची आहे: प्लॉट घेतला तरी तुमचे ९,००० रुपये भाडे चालूच राहील, बचत जमिनीत अडकेल, आणि बांधकामासाठी हाताशी काही उरणार नाही.

राहिला कुपवाड-मिरज रस्त्याकडचा फ्लॅट. माझा कल याच बाजूला आहे. इथल्या कमी दराची कारणे बहुतांशी काळाबरोबर मिटणारी आहेत. बाजूला औद्योगिक वसाहत आहे, वस्ती अजून विरळ आहे, विश्रामबागेसारख्या शाळा आणि दुकाने दाराशी नाहीत. परंतु जमीन उंचावर आहे, दोघांची कामाची ठिकाणे जवळ आहेत, आणि १९९८ पासून हा सगळा भाग सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेत आहे, म्हणजे पाणी आणि गटार देण्याची जबाबदारी ठरलेली आहे. जबाबदारी ठरलेली असणे आणि प्रत्यक्ष नळाला पाणी येणे यांत अंतर असते, म्हणून शेजारच्या इमारतीत जाऊन महापालिकेचे पाणी किती वेळ आणि किती दाबाने येते, उन्हाळ्यात टँकर लागतो का, आणि सांडपाणी ड्रेनेजला जोडले आहे की सेप्टिक टँकमध्ये जाते, हे विचारून घ्या. कारखान्यांच्या बाजूने वारा येतो तेव्हा वास येतो का, हेही रात्री जाऊन पाहा.

पैशांचे गणित असे बसते. खरेदी केवळ तुमच्या नावे केली तर महिलांसाठीची १ टक्का सवलत मिळून मुद्रांक शुल्क स्थानिक कराच्या अधिभारासह ५ टक्के, म्हणजे १,४५,००० रुपये होते. पतीचे नाव सहखरेदीदार म्हणून घातले तर ही सवलत जाते. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या मर्यादेत, म्हणजे २९,००० रुपये. चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असल्यामुळे बांधकाम चालू असलेल्या या फ्लॅटवर जीएसटी १ टक्का लागतो, तेही २९,००० रुपये. वकील, बँकेचे शुल्क, वीजजोडणी आणि स्वयंपाकघराचे किरकोळ काम यांना ७०,००० रुपये धरले, तर एकूण पावणेतीन लाख रुपये घराच्या किमतीबाहेर जातात. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, परंतु मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. तो तुम्हाला बचतीतूनच करावा लागतो, आणि बहुतेक नवखे खरेदीदार इथेच अडतात.

कर्ज २५ लाखांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करा. हप्ता सुमारे २१,७०० रुपये येईल, म्हणजे पगाराच्या ४२ टक्के. हे थोडे जास्त आहे, पण भाडे थांबणार असल्याने झेपेल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी टप्पा दोनमध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असलेल्या, देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांना व्याज अनुदानाची तरतूद आहे, त्यामुळे कर्जाच्या अर्जाच्या वेळीच बँकेत त्याची चौकशी करा. अनुदान मिळेलच असे धरून मात्र हप्ता ठरवू नका. बिल्डरकडे ७५,००० ते एक लाख रुपयांची घासाघीस करायला हरकत नाही. तेवढे कमी झाले तर घरात आजारपणासाठी हाताशी रक्कम राहील, आणि सासूबाई व लहान मूल असलेल्या घरात हात रिकामा ठेवणे मला पटत नाही.

कागदांच्या बाबतीत ‘बँकेने मंजूर केलेला प्रकल्प आहे’ या वाक्यावर विसंबू नका. मी बँकेसाठी मूल्यांकन करतो तेव्हा बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का एवढेच पाहतो. तुमचे हित पाहणे हे तुमच्या स्वतंत्र वकिलाचे काम आहे. त्यांच्याकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मिळकतीच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, घ्या. हा भाग संस्थानी काळातल्या इनाम-वतनांचा आहे, धामणीला आजही इनाम धामणी म्हणतात, त्यामुळे मूळ सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान किंवा कूळ कायद्याची काही अट आहे का, आणि असल्यास ती रीतसर उठवली आहे का, हे पाहावेच लागते. मूळ मालकाच्या वारसांत बहिणी असतील तर त्यांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र हवे, कारण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाकडे, नोंदणी बंधनकारक आहे. संकेतस्थळावर मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि वकिलाचा दाखला दिसतो. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम करारनामा नोंदवण्यापूर्वी घेण्यास या कायद्याने मनाई आहे, तरी ‘आज पाच लाख द्या, दर वाढणार आहे’ असे सांगणारे भेटतात. द्यायचेच असेल तर धनादेशाने एक लाखाच्या आत द्या आणि विसार पावतीवर, कर्ज नामंजूर झाल्यास किंवा कागदात दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल, असे लिहून घ्या. किंमत सेलेबल क्षेत्रावर (जिना, लॉबी वगैरे धरून) सांगितली असेल तर चटई क्षेत्र, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, विचारा, आणि पूर्ण झालेल्या मजल्यावर टेप घेऊन ते स्वतः मोजा.

फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. दुसऱ्या मजल्याच्या वर असेल तर लिफ्टला बॅटरी किंवा जनरेटरची सोय करारनाम्यात लिहिलेली आहे का ते पाहा, आणि विसार देण्यापूर्वी सासूबाईंना एकदा तिथे नेऊन जिना चढून पाहायला सांगा.